दादाच्या बांधावर थांबलेली सायकल

अगं, जरा पुढं सरक. दाराजवळ चपला सांभाळत बसल्यासारखी काय बसलीस? इकडं ये, माझ्या गुडघ्याला गुडघा लावून बस. मला ठाऊक हाय, तू हितं न्हाईस. तू उदगीरला तुझ्या सासरी हाईस, आन् मी नांदेडात खिडकीपाशी वही घेऊन बसलेय. पण कागदावर तरी जवळ ये की. किती महिने झाले, फोन उचलत न्हाईस! तुझ्या अप्पांच्या मातीला मी आले तर तोंड फिरवून आतल्या खोलीत गेलीस. राग असावा माणसाला, पण एवढा? सख्ख्या आत्याला असं करतात व्हय? तुझेबी केस पांढरे व्हायला लागले की आता. बस. आन् मधीच उठून चहा टाकायला जाऊ नको.

तुला येळवसीच्या दिवसाचं सांगायचंय. तुझ्या आईनं थोडंफार सांगितलं असंल, पण तिनं शेतातल्या कोपीतून दिसलं तेवढंच बघितलं. रस्त्यावरचं माझ्याकडं हाय.

माझी नात, म्हंजी माझ्या लेकाची पोरगी, तू कधी बघितलेली न्हाईस. उंच हाय, बापासारखी, आन् तोंडाला लगाम न्हाई. कॉलेज झाल्यावर सगळे म्हणले, नोकरी बघ. तिनं एक मैत्रीण गाठली, दोघींनी मिळून जाड टायरच्या, गिअरच्या सायकली आणल्या आन् धंदा काढला. काय, तर लोकांना टेम्पोत बसवायचं, सायकली टेम्पोवर बांधायच्या, बालाघाटच्या माळावर न्यायचं, आन् तिथून सायकलवर उतरवत उतरवत आणायचं. दिवसभर. वाटेतली शेतं, गावं, देवळं दाखवत, खाली मन्याड नदीच्या काठापर्यंत. म्होरं नात, मागं तिची मैत्रीण, आन् सगळ्यात मागं टेम्पो.

मी पहिल्यांदा ऐकलं तवा पोट धरून हसले. म्हणलं, "अगं, उताराला तर कोहळंबी गडगडत जातंय. त्याला गाईड कशाला लागतो?"

"कोहळ्याला ब्रेक न्हाई ना, आज्जी," ती म्हणाली. "म्हणून मग गावात त्याचं भरीत होतं."

अशी हाय ती. टेम्पोतल्या खाण्यापिण्याचं मी बघायला लागले. धपाटे, शेंगांची चटणी, दही, लिंबाचं पाणी. घरात बसून तरी काय करून राहिले होते? आन् सकाळी सकाळी मैदानावर तिनं मला सायकलवरबी बसवलं. मला येतच होती सायकल. कुणी शिकवली हे तुला ठाऊक हाय. दादानं, तुझ्या अप्पांनी. मी दहा वर्षांची होते, सीटवरून पाय पुरत न्हवते, म्हणून नळीखालून पाय घालून वाकडी वाकडी चालवायची, आन् दादा मागनं कॅरेज धरून पळायचा. गावातले लोक म्हणायचे, पोरीला कशाला सायकल? दादा म्हणायचा, तिला लवकर माघारी यायला बरं पडंल.

आता ते दुसरं लिहिते. ते लिहिल्याशिवाय येळवसीचं कळायचं न्हाई, आन् तुझ्यापुढं ते कधी बोललेच न्हाई मी.

आपल्यात मामाच्या पोरीवर भाच्याचा पहिला हक्क. तुझ्या बारशाला पाळण्याची दोरी माझ्या हातात होती. माझा लेक तवा चार वर्षांचा, पाळण्यात डोकावून बघत होता. भरल्या घरात मीच म्हणाले, "ही माझी सून." कुणी विचारलं न्हवतं, कुणी मागितलं न्हवतं. दादा एवढा हरखला की त्यानं तवाच सगळ्यांना दुसऱ्यांदा जेवायला बसवलं. मग तू मोठी होत गेलीस, तशा गावातल्या बाया तुला "नांदेडकरीण" म्हणायला लागल्या. विहिरीवर, शाळेत, लग्नाकार्यात. तू लाजायचीस. ते मी बघितलंय.

आन् माझ्या लेकानं दुसरीकडं जुळवलं. मी रडले, दोन दिवस अन्नाला शिवले न्हाई, त्याचा बाप दुकानात गिऱ्हाईकांपुढं ओरडला. पोरानं ऐकलं न्हाई. त्याबद्दल मी आता कुणाला बोल लावत न्हाई, सून गुणाची निघाली. माझं चुकलं ते त्याच्या म्होरं. दादाला सांगायचं होतं. मी स्वतः जायला पाहिजे होतं. त्याच्या म्होरं बसायचं, शिव्या खायच्या, रडायचं, पाय धरायचे. मी भ्याले. आमच्या दुकानातले एक काका त्या बाजूला माल पोचवायला चालले होते. त्यांच्याजवळ निरोप दिला, की पोराचं जमलंय दुसरीकडं, तुम्ही तुमच्या पोरीचं बघा. एवढाच. दोन वाक्यांचा.

चौथ्या दिवशी दादा नांदेडला आला. दुकानाच्या पायरीवरच उभा राहिला. पाणी दिलं, घेतलं न्हाई. शेजारची दुकानं काम टाकून बघायला लागली. म्हणाला, "पोरानं नको म्हणलं, त्याचं मला काय न्हाई. पोरं न्हाई म्हणत्यात. पण तू गड्याच्या हाती सांगून पाठवलंस? मला?" मग गळ्यातल्या लिंगावर हात ठेवून म्हणाला, "शिवाची आण. माझ्या बांधाला तुझा पाय लागता कामा न्हाई. येळवसीलाबी न्हाई."

तो वळून गेला तवा त्याच्या सदऱ्याची पाठ घामानं भिजलेली होती. एवढंच ध्यानात राहिलं.

तेवीस वर्षं झाली त्याला. भाऊबीजेला मी गच्चीवर जाऊन चंद्राला ओवाळायचे. ज्यांना भाऊ न्हाई त्या बाया ओवाळतात ना, तसं. ओवाळताना वाटायचं, जिवंत भावाचं हे काय अशुभ करून राहिले मी? मग ताट तसंच घेऊन खाली यायचे. आन् तुझं त्यात काय झालं असंल, हे मी एकदाबी विचारलं न्हाई. भावाबहिणीच्या भांडणात ज्या पोरीवरून भांडण झालं, तिलाच सगळे विसरून गेले.

मग गेल्या साली ऐकलं की दादाची शुगर वाढली, डोळे गेल्यात जमा हाइत, उजेड-अंधार तेवढा कळतो. तवापासून माझ्या जिवाला एकच लागलं होतं. तो हाय तोवर एकदा त्यानं मला हाक मारावी. नावानं न्हाई तर न्हाई, नुसतं "ये" म्हणावं.

आन् नातीनं नेमकी येळवसीच्या दिवशी सहल ठेवली. म्हणली, "आज्जी, पाहुण्यांना एवढं भारी काय दुसरं दाखवणार?" कागदावर रस्ता काढून मला दाखवला. माळ, घाट, वडाचं वळण, मग नदीकडं जाणारी सडक. वडाच्या वळणानंतर दोन शेतं सोडली की दादाचं शेत. नातीला ते ठाऊक न्हवतं. तिला कधी कुणी दाखवलंच न्हवतं. मी कागद बघितला, घडी घालून परत दिला आन् म्हणलं, "चांगलाय रस्ता." मनात म्हणलं, टेम्पोतून लांबून बघावं. बांधाला पाय थोडाच लावायचाय?

सकाळी निघालो तवा हातपाय गारठले होते. पाहुणे पाच. हैदराबादचं एक जोडपं आन् पुण्याच्या तिघी मैत्रिणी. नातीनं मला घरूनच पंजाबी ड्रेस घालून आणलं होतं, साडी चेनमध्ये जाते म्हणून. आयुष्यात पहिल्यांदा. आरशापुढं गेले तर मलाच मी शेजारची कोणी वाटले.

टेम्पोत पुण्याच्या पोरींनी विचारलं, "आजी, येळवस म्हणजे काय असतं?" तुला हे सांगायला नको, पण त्यांना सांगितलं तसंच लिहिते. मार्गशीर्षातली अमावास्या. त्या दिवशी लातूरकडं बाजार बंद, गावं ओस, सगळी माणसं रानात. कडब्याची कोपी, म्हंजी खोपटं, करायची, आत पाच दगड चुन्यानं रंगवून पांडव म्हणून पुजायचे. बाजरीचे उंडे, सगळ्या शेंगा-भाज्यांची मिळून भज्जी, गव्हाची खीर, आन् मातीच्या बिंदगीत आंबवलेली ज्वारीच्या पिठाची अंबिल. ज्याला शेत न्हाई त्याला शेतवाल्यानं बोलवायचं. रस्त्यानं जाणाऱ्याला न जेवता म्होरं जाऊ द्यायचं न्हाई, मग तो कुणीबी असो.

"अनोळखी माणसालाही?" हैदराबादच्या बाईनं विचारलं.

"अनोळखीला तर आधी," मी म्हणलं.

माळावर सायकली उतरवल्या. सकाळचं ऊन पिवळ्या गवतावर नुसतं लोळत होतं. नातीनं सगळ्यांना रांगेत उभं करून शिकवलं. दोन्ही ब्रेक संगंच दाबा, म्होरचा एकटा दाबला तर डोक्यावर पडाल. मी मूठ वर केली की थांबायचं. वाळू म्हणले की हळू. एकमेकांच्या मागंच राहायचं, शर्यत लावायची न्हाई. आन् मग ती निघाली, मागं पाच जण, मग तिची मैत्रीण, मग टेम्पोत मी. घाटातली सीताफळीची झुडपं दोन्ही बाजूंनी सरकायला लागली. खाली काळी रानं, त्यात हिरवी ज्वारी, हरभऱ्याचे तुकडे, कडेला पिवळी करडई. ह्या रस्त्यानं मी लग्न करून गेले होते, आन् आता टेम्पोच्या काचेतून बघत होते.

घाट उतरला आन् नातीचा सगळा हिशोब कोलमडला. पहिल्याच शेतावर धोतरवाले एक बाबा रस्त्यात आडवे झाले. "थांबा, थांबा! कुठं चाललात उपाशी?"

नात म्हणली, "बाबा, उशीर होतोय, म्होरं लई जायचंय."

"येळवसीला उशीर? आन् ही कसली शर्यत गं? टेम्पोत घालून वर नेता आन् खाली सोडून देता? असं तर आमची म्हसबी उतरतीय की."

"म्हशीला हेल्मेट न्हाई, बाबा."

"तिला डोकं हाय ना," बाबा म्हणले. पाहुणे हसून हसून बेजार. उतरले, जेवले. दुसऱ्या शेतावर पुन्हा. तिथं एक बाई पुण्याच्या पोरीला म्हणाली, "खा गं, हाडं मोजता येतायत तुझी, आईनं काय खायला घातलं न्हाई का?" तिसऱ्या शेतावर ती पोरगी अंबिल पिऊन एवढी जड झाली की म्हणाली, "मी आता टेम्पोतच बसते, माझ्याच्यानं हलवत नाही." माझे धपाटे डब्यात तसेच. कुणी हात लावला न्हाई.

नातीनं ती रिकामी सायकल माझ्यापुढं आणून उभी केली. "आज्जी, बस. आता सरळ हाय रस्ता, नुसता सावकाश उतार. हँडल धरून बसायचं."

म्होरं वडाचं वळण दिसत होतं. मी न्हाई म्हणायला पाहिजे होतं. हेल्मेटचा पट्टा तिनं माझ्या हनुवटीखाली लावला, आन् मी बसले.

तुला काय सांगू! पायडल मारायचीबी गरज न्हवती. वारं कानात शिरत होतं. वडाच्या सावलीतून गेले आन् मन एकदम दहा वर्षांचं झालं. मग पहिलं शेत गेलं, दुसरं गेलं, आन् कडब्याची कोपी दिसली. रस्त्याच्या कडेला बांधावर दादा उभा होता.

किती वाळला होता गं तो. डोक्याला पांढरं उपरणं गुंडाळलेलं, कपाळाला भस्म, डोळ्यांवर काळा चष्मा, हातात काठी. दिसत न्हवतं, पण सायकलींचा आवाज ऐकून त्यानं काठी वर केली आन् ओरडला, "कोण हाय? थांबा! येळवस हाय आज. तोंड गोड केल्याबिगर म्होरं जायचं न्हाई!"

नातीनं मूठ वर केली. सगळे थांबले. मीबी थांबले, सगळ्यात मागं. सायकली आडव्या टाकून सगळे बांध चढून गेले. मी रस्त्यावरच उभी. एक पाय खाली, एक पायडलवर.

दादा म्हणाला, "सगळे आले का? कुणी राहिलं का मागं?"

"आमची आज्जी हाय," नात म्हणली. "येईल."

"आज्जीला उन्हात उभं करून तुम्ही जेवता व्हय? काय पोरी हाइत!" आन् मग माझ्या दिशेनं तोंड करून म्हणाला, "या की बाई. बांध उंच हाय हितं. त्या दगडावर पाय द्या आन् ही काठी धरा."

त्यानं काठीचं टोक माझ्याकडं केलं. मी सायकल टाकली, दगडावर पाय दिला आन् काठी धरली. त्यानं ओढलं. अजून ताकद होती हातात. माझा पाय बांधाला लागला. तोंडातून दादा असा शब्द अगदी ओठापर्यंत आला होता, खोटं सांगत न्हाई. पण मला वाटलं, त्याला कळलं तर आण मोडल्याचं पाप त्याच्या माथी येईल. लोकांसमोर काठी काढून घेतली तर? आन् खरं सांगू? मी तवाबी भ्यालेच.

कोपीत तुझी आई ताटं वाढून राहिली होती. तिनं मान वर केली, माझ्याकडं बघितलं, आन् तिच्या हातातला उंडा खाली पडला. मी हात जोडले, ओठावर बोट ठेवलं. तिनं पदरानं तोंड पुसलं आन् काय न झाल्यासारखं मला ताट दिलं.

दादा आमच्या मधोमध बसला, सगळ्यांना आग्रह करत. भज्जी आणखी घाला, खीर आणखी घाला. मग नातीला म्हणाला, "तू म्होरकीण दिसतीस. सायकल कुणी शिकवली गं तुला?"

"मीच शिकले. पण आमच्या आज्जीला विचारा, ती तर लहानपणी नळीखालून पाय घालून चालवायची. तिच्या भावानं शिकवली होती."

दादाचा हात ताटात थांबला. त्यानं हात ताटातच ठेवून विचारलं, "भाऊ हाय का त्यांना?"

नातीनं माझ्याकडं बघितलं. मला बोलावंच लागलं. आवाज जमंल तेवढा जाड केला. "हाय," म्हणलं.

"कुठं असतो?"

"लांब."

"लांब म्हंजी किती लांब?"

काय सांगायचं होतं मी? एका हाताचं अंतर न्हवतं दोघांच्यात. मी घास तोंडात घातला. तो वाट बघत बसला, मान माझ्याकडं कलती करून, आंधळी माणसं ऐकतात तशी. मग म्हणाला, "अंबिल घ्या बाई. लसणाची फोडणी हाय." आन् बिंदगीतून स्वतःच्या हातानं, अंदाजानं, माझ्या पेल्यात ओतली. पेला भरून वर आली, माझ्या हातावर सांडली. मी पुसली न्हाई.

निघताना तो तुझ्या आईला म्हणाला, "आज्जीच्या पदरात ढाळे घाल." हरभऱ्याचे हिरवे ढाळे. येळवसीला माहेरी आलेल्या बाईची वटी भरतात तसे. पण माझ्याजवळ पदर कुठं होता? पंजाबी ड्रेस! ओढणीसुद्धा नातीनं चेनच्या भीतीनं काढून ठेवलेली. तुझी आई ढाळे घेऊन उभी, मी उभी. शेवटी मी निघायला म्हणून डोक्यावर चढवलेलं हेल्मेट काढलं आन् उलटं धरलं. त्यात तिनं ढाळे घातले, वर दोन पेरू ठेवले. पुण्याच्या पोरी हसल्या, फोटो काढला. तो फोटो नातीनं दिलाय मला. दादा त्यात कडेला हाय, अर्धाच आलाय.

आन् दादानं नातीच्या डोक्यावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. म्हणाला, "सावकाश उतरा. आज्जीला पडू देऊ नको."

खाली रस्त्यावर नात म्हणाली, "आज्जी, हेल्मेट घाल." मी न्हाई म्हणलं. "मग हेल्मेटशिवाय बसायचं न्हाई," म्हणली. नियम म्हंजी नियम. मी टेम्पोत जाऊन बसले, हेल्मेट मांडीवर घेऊन. सायकली उतारानं निघून गेल्या. मी मागच्या काचेतून बघितलं, तर दादा अजून बांधावरच उभा होता, आमच्या दिशेला तोंड करून. टेम्पोवाल्याला म्हणलं, थांबव. तो म्हणाला, काय झालं? मी म्हणलं, काय न्हाई, चल.

नदीवर पोचल्यावर नातीला सगळं सांगितलं. ती आधी रडली, मग चिडली. "आज्जी, मी परत घेऊन जाते, आत्ता!" पण पाहुणे थकलेले, ऊन कलतं. म्हणलं, संक्रांतीला जाऊ. तिळगूळ घेऊन, साडी नेसून, नीट.

संक्रांतीला मला सर्दी-ताप. म्हणलं, रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालतं, त्याच्या आत जाऊ. नातीची दुसरी सहल निघाली. म्हणलं, शिवरात्रीला तर नक्कीच. तिळाच्या लाडवांचा डबा कपाटात तसाच ठेवला होता, रोज दिसायचा.

शिवरात्रीच्या आधीच तुझ्या आईचा फोन आला.

मी आले तवा त्याला बसवलेलं होतं, भस्म लावून, फुलांनी सजवून, डाव्या तळहातावर लिंग देऊन, आपल्यात बसवतात तसं. स्वामींनी मंत्र म्हणले. मी पायावर डोकं ठेवलं आन् म्हणलं, दादा, मी आलेय. मोठ्यांदा म्हणलं. तेवीस वर्षांनी पहिल्यांदा. सगळ्यांनी ऐकलं, तूबी ऐकलंस, उंबऱ्यात उभी होतीस. मग आत गेलीस.

तिसऱ्या दिवशी तुझ्या आईनं मला गोठ्याच्या आडोशाला नेलं. तू तवा पाहुण्यांना पाणी देत होतीस. ती म्हणाली, "वन्स, तुमाला एक सांगायचं राहिलंय. त्या दिवशी मी तुमाला लपवलं असं मला वाटलं. तुम्ही गेल्यावर हे कोपीत येऊन बसले. म्हणले, ती आली होती ना? मी म्हणलं, कोण? म्हणले, काठी धरली तवाच कळलं. पोरगी बोलली तवा पक्कं झालं."

मी विचारलं, "मग बोलला का न्हाई तो?"

तुझी आई म्हणाली, "मीबी हेच विचारलं. म्हणले, मी आण घेतलेली. मी कसा बोलू? मी हाक मारून बांधावर घेतली, काठी दिली, एवढं मी केलं. म्हणलं, आता ती बोलंल. विचारलंबी, भाऊ किती लांब हाय म्हणून. ती बोललीच न्हाई."

मी तिथंच खाली बसले, शेणाच्या वासात, कुणी बघतंय का ते न बघता. तुझ्या आईनं हात धरून उठवलं तवा साडी मळलेली होती. मग सांगितलं तिनं, की त्यानंतर दादा रोज तिसऱ्या प्रहरी बांधावर जाऊन उभा राहायचा. कुणाची सायकल गेली की काठी वर करायचा. शाळेची पोरं जायची घंटी वाजवत. तो म्हणायचा, "थांबा रे, मागं कुणी हाय का?"

तुला हे ठाऊक असंल, न्हाईतर नसंल. मला ते पोटात ठेवून जेवण जात न्हाई. नात म्हणते, आज्जी, तू आत्याला सांग, तीबी त्याच्या घरातलीच हाय. बघ, तुला न बघता ती तुला आत्या म्हणते. मी तिला म्हणलं, तुझा बाप तिला सांगायला जायला पाहिजे होता, तो गेला न्हाई. मी जायला पाहिजे होतं, मीबी गेले न्हाई. आन् आता तुलाच विचारते, तुझ्यावर काय गुदरलं, सासरी कुणी "नांदेडकरीण" म्हणून टोचलं का, कशी राहिलीस, मला काय ठाऊक न्हाई. तुझ्या तोंडून ऐकायचंय. शिव्या द्यायच्या असतील तर दे. मी खाली मान घालून ऐकीन.

उदगीरहून सकाळी नांदेडची गाडी निघते. तुझ्या नवऱ्याला सांग, दोन दिवस तुमचं दुकान त्यानंच बघावं. मी बसस्टँडवर येऊन बसते, ऑटोच्या रांगेजवळ सिमेंटचा कट्टा हाय, तिथं. डोळे माझेबी आता फार काम देत न्हाईत, लांबून वळखलं न्हाई तर राग धरू नको, तुला हाक मी मारते. मोठ्यांदा मारते, सगळ्या स्टँडानं ऐकलं तरी चालंल. तू नुसती ये, पोरी. ह्याच आठवड्यात ये.